आधी चलन

उद्यमबागेत, मुतगेकरांच्या फाउंड्रीच्या माडीवर
मी एक दार उघडून बसलेय.
पोर्ट पाच हजार पन्नास.
दाराला कडी नाही, चौकट नाही,
नुसता आकडा, आणि त्यामागं माझं कान देऊन बसणं.

खाली शेडमध्ये, तिसऱ्या भट्टीपाशी, यल्लप्पा हणबर.
त्याच्या टेबलावर जुना संगणक,
कीबोर्डवर काजळीचा थर, फक्त एंटरचं बटण चकचकीत.
मधे चाळीस पावलं, एक जिना
आणि पत्र्यावरून ओढलेली निळी केबल
जिच्यावर दुपारी कावळे बसतात.

दर मिनिटाला त्यानं सांगायचं, लोखंड किती तापलं.
मी लिहून ठेवायचं. एवढंच काम.

पहिल्या दिवशी पडद्यावर आलं: चौदा.
चौदा अंश! थंडीत पहाटे वडगावात असतं तेवढं.
मी जिना उतरून धावले.
भट्टी आपली पांढरीफेक, बघवत नव्हती.
वर येईतो उरलेले आकडे येऊन बसले होते: बावन्न.
दुसऱ्या दिवशी दोन निरोप एकमेकांना चिकटून आले
आणि तिसरी भट्टी
एक कोटी पंचेचाळीस लाखांवर गेली.
मुतगेकर म्हणाले, "एवढ्यात सगळं बेळगाव वितळलं असतं की!"

चूक केबलची नव्हती.
सॉकेट म्हणजे पाट. पाण्याला काय माहीत
कुठली कळशी संपली, कुठली सुरू झाली.
त्यानं दोनदा ओतलं, मला तीनदा मिळालं.
थेंब सांडला नाही, क्रम चुकला नाही,
फक्त मधली रेघ गेली.
रेघेवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या या मुलखात
रेघ नसलेला निरोप
मला वाचता येईना.

आणि त्याचं नाव तर रोज फुटायचं.
यल्, मग चौकोनात प्रश्नचिन्ह, मग प्पा.
तो कन्नडात लिहितो, मी देवनागरीत.
एका अक्षराला तीन बाइट, दोन्हीकडं तीनच.
दोन अलीकडं राहिले, एक पलीकडं पडला
की अक्षराचा रिकामा खोका.
मी मोजून पाहिलं, कन्नडात एकवीस बाइट, मराठीत चोवीस.
फरक एका कान्याचा.

चहा घेताना त्याला हे सांगितलं.
तो फुंकर मारत म्हणाला,
"बाई, टेंपो येतंय तवा आपण काय करतंय?
आधी चलन घेतंय. चलनावर तेवीस नग,
तर तेवीस मोजून उतरवतंय.
बावीसावर सही कोण करतंय?"

त्या रात्री प्रत्येक निरोपापुढं मी चार बाइट जोडले:
किती येणार आहे ते.
आधी ते चार येईतो थांब,
मग सांगितलं तेवढं येईतो थांब,
कमी पडलं तर पुन्हा हात पुढं कर.
सगळ्या मिळून अकरा ओळी.
सकाळी नऊला यल्लप्पा अख्खा आला,
सगळ्या जोडाक्षरांसकट.

मागच्या शुक्रवारी शेडची वीज गेली.
माझं इन्व्हर्टरवर चालू. सॉकेट उघडंच.
चूक दाखवेना, निरोप येईना.
बंद करून गेला असता तर शून्य बाइट तरी आले असते;
शून्य म्हणजे जाताना "येतो" म्हणणं.
हे शून्यसुद्धा नव्हतं.
गप्प बसलेला माणूस आणि नसलेला माणूस
या बाजूनं सारखेच दिसतात,
आपण हाक मारेपर्यंत.
आणि माझ्या प्रोग्रामला हाक मारणं
मी शिकवलंच नव्हतं.

मग जिन्यावर चपला वाजल्या.
दारात यल्लप्पा, दातात टॉर्च,
हातात सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा.
त्यावर पेन्सिलीनं: तेराशे आठ, निवतंय.
खाली सही, कन्नडात. एकवीस बाइट.

टॉर्च काढून त्यानं विचारलं, "बंतेनरी?"
"बंत्री," मी म्हटलं.
तेव्हाच तो वळला,
आणि जाताना दार लोटून घेतलं.